बाबांच्या आवाजातलं ते वाक्य

दि. ११ फेब्रुवारी

दादा,

तू सुखरूप पोचल्याचं वहिनीने कळवलं. फोनवर बोलायला लागलं की एक तर तू रडतोस नाहीतर मी फोन ठेवते, म्हणून लिहिते आहे.

बाबांची खोली आवरली. पलंग आणि श्वासाचं मशीन हॉस्पिटलवाले घेऊन गेले. पलंग घासून भिंतीवर पट्टा उमटलाय, तो रंगवून घेईन. तुझं डोळ्यांनी बोलायचं यंत्र तेवढं टेबलावर आहे. तुमच्या संस्थेत कुणाच्या नावे पाठवायचं ते सांग.

बाबांच्या ड्रायव्हिंग क्लासची माणसं अजून भेटायला येतात. काल एक बाई आल्या होत्या, गाडीच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेल्या. म्हणाल्या, "तुमचे वडील मला म्हणायचे, बाई, तुम्ही गाडी चांगली चालवता, फक्त समोरच्या भिंतींनी जरा सरकून घेतलं पाहिजे." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी चहा टाकायला आत गेले.

निघताना तू विचारलंस, शेवटी त्रास झाला का. मी सांगितलं ना, छातीत संसर्ग झाला आणि झोपेतच गेले. त्रास झाला नाही. उगाच उकरत बसू नकोस.

मी कामावर जायला लागले. कवळ्यांचा ढीग साचलाय. मी रजेवर होते म्हणून लोकांचे दात पडायचे काही थांबले नाहीत. वहिनीला आठवण सांग. तब्येतीला जप.

तुझी
धाकटी


दि. ३ जून

दादा,

तुझा निरोप मिळाला, तू पाठवलेल्या भाषणाची चित्रफीतही मिळाली. नमस्कार-चमत्कार नंतर कधीतरी.

जेवणाच्या सुट्टीत फोनवर लावली. माझ्या एका हातात कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. मागे आमच्या लॅबमधल्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. "तुझा भाऊ? किती छान बोलतो गं." बोलतोसच तू छान. नसा मरत जाऊन माणसाचे हातपाय, जीभ, मग श्वास कसा जातो, आणि डोळे मात्र शेवटपर्यंत कसे राहतात, हे तू इतकं सोपं करून सांगितलंस की त्या दोघी सुस्कारे टाकायला लागल्या. मग तू म्हणालास, "माझ्या वडिलांनी स्वतःचा निर्णय स्वतःच्या आवाजात सांगितला," आणि बाबांचा आवाज लावलास.

"नळी बसवा."

सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या हातातून साचा निसटला, समोरचे दात फुटले. तो पुन्हा ओतावा लागला.

आता तुला बाबांची सगळी रेकॉर्डिंग भाषणांत ऐकवायला माझी सही हवी आहे. सही करायच्या आधी त्या दिवशी काय झालं ते लिहिते. तू व्हिडिओ कॉलवर होतास, मी पलंगाशी होते. दोन्हीकडून एकच दिसतं असं नाही.

सकाळपासून नळीचंच चाललं होतं. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवायची की नाही. डॉक्टर तेच बोलत होते, तूही तेच. यंत्र ते सगळं ऐकत होतं, कारण ते ऐकून पुढचा शब्द सुचवायचा हेच तर त्याचं कौतुक. तू विचारलंस, "बाबा, बसवायची ना?" बाबांनी 'न' या अक्षराकडे बघितलं. यंत्राने लगेच वर मोठ्या अक्षरांत मांडलं, 'नळी बसवा'. 'नको' खाली कोपऱ्यात होतं. बाबा वरचं वाचायला थांबले. वाचायलाच थांबले, दादा. त्यांना चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं. पण तुझं यंत्र, नजर थांबली की निवड झाली असं समजतं. ते बोलून मोकळं झालं, आणि तेही बाबांच्या आवाजात, वाचा जाण्यापूर्वी तूच भरून घेतलेल्या.

तुला हुंदका आला. "थँक यू, बाबा," म्हणालास. डॉक्टरांनी लिहून घेतलं. तुझी मीटिंग होती, तू गेलास.

बाबा तसेच यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिले. यंत्र शब्द पुढे करत होतं, चहा, चादर, चष्मा, आणि बाबा प्रत्येक शब्द टाळून एकेक अक्षर शोधत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी पुसत होते. बऱ्याच वेळाने शब्द पुरा झाला. 'चूक'.

मी तुला तेव्हाच फोन केला. आठवतंय का? तू म्हणालास, "अगं, माणूस घाबरला की मागे फिरतो. पहिलं उत्तरच मनातलं असतं. नवीन औषध चाचणीत आहे, उंदरांवरचे निकाल मी स्वतः बघितलेत. त्यांनी थोडा तग धरायला हवा, बस." मी म्हटलं, दादा, ते चूक म्हणतायत. तू म्हणालास, "तू त्यांना घाबरवू नकोस."

मी तुझं बोलणं बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा लिहिलं, 'बरं'. ते यंत्राने सुचवलेलं नव्हतं, त्यांचं होतं. एवढं तुझ्या बाजूने लिहायला हवं.

त्यानंतरचं वर्ष तू फोनवरून बघितलंस. कॅमेऱ्यासमोर त्यांना बसवायच्या आधी मी नळीतला कफ ओढून काढायचे, तोंड पुसायचे, केस विंचरायचे. पाठीची जखम कॅमेऱ्यात येत नाही. घरात मदतीला बाई होती, हॉस्पिटलच्या नर्स यायच्या, मी एकटीने डोंगर उचलला असं मला म्हणायचं नाही. म्हणायचं इतकंच, की ज्याची वाट बघत ते पडून होते ते औषध माणसांवर चाललं नाही, आणि ते तू आम्हाला दोन शब्दांत कळवलंस. 'निकाल नकारात्मक.' बाबांनी ते माझ्या फोनवर वाचलं. मी म्हटलं, "दादा कामात असेल." त्यांनी यंत्रावर 'गाढव' लिहायला घेतलं. यंत्र 'गाढ झोप' सुचवत राहिलं. त्या दिवशी आम्ही दोघं शेवटचं हसलो. त्यांचं हसू म्हणजे फक्त भुवया, पण मला कळायचं.

छातीत संसर्ग झाला नव्हता, दादा.

बाबांनी नळी काढायला सांगितली. मी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दुखणं कमी करणाऱ्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा तुझं यंत्र बाजूला सारलं. म्हणाल्या, "आम्हाला अंदाज नकोत, अक्षरं हवीत." एक साधी पारदर्शक पाटी असते, अक्षरं छापलेली. पलीकडून आपण बघायचं, डोळे कुठे जातात ते. त्या वेगवेगळ्या दिवशी आल्या, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "तुमची खात्री आहे?" बाबांनी लिहिलं, 'तुमची नाही का'. ड्रायव्हिंग शिकवताना ज्या सुरात विचारायचे, त्याच सुरात वाटलं मला.

सकाळी केलं. आधी झोपेचं औषध दिलं, मग श्वासाचं मशीन बंद करून नळी काढली. मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांना कळत होता. या आजारात स्पर्श जात नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. त्रास झाला नाही. ते मी तुला खरंच सांगितलं होतं.

तुला का कळवलं नाही, हा तुझा पहिला प्रश्न असणार. मी विचारलं होतं त्यांना. "दादाला बोलावू?" पाटीवर उत्तर आलं, 'नको. तो पटवेल.'

मला वाटलं संपलं. मी पाटी खाली घेतली. पण ते बघतच राहिले, म्हणून पुन्हा धरली.

'मी पटेन.'

तुझ्यावर त्यांचा राग नव्हता, एवढं कळलं ना यातून? राग माझा आहे. तू वाईट असतास तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तू मन लावून काम केलंस, उद्या कुणाचा तरी बाप तुझ्या यंत्रातून पाणी मागेल आणि त्याला पाणी मिळेल, हेही मला कळतं. पण त्या एका दुपारी तुला उत्तर हवं होतं, बाबा नको होते. आणि त्या उत्तरावर तू टाळ्या घेतल्यास.

सहीचं. ते दोन शब्द ऐकवण्यासाठी माझी सही मिळणार नाही. मात्र तुझ्या यंत्राने तू गेल्यानंतरची दुपारही जपून ठेवली असेल. च. त्याला दीर्घ ऊ. मग क. मधली सगळी शांतता धरून, काटछाट न करता, ते सभागृहात लाव, आणि ते वाजून संपेपर्यंत तिथेच उभा राहा. तसं करणार असशील तर लिहून कळव, मी सही पाठवते.

वहिनीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

जिला रागवायलाही आता तुझ्यावाचून कुणी उरलं नाही, ती
धाकटी