सुमनचे अण्णा

रवि., २ जुलै २००६
ताईनं कोल्हापूरहून पाठवलेली कादंबरी घरमालकीण कमलाआजींना वाचून दाखवायला लागले. त्या तंजावरकडच्या. घरात मराठी, पण शाळा तमिळ, म्हणून देवनागरी वाचता येत नाही. दुपारी वर त्यांच्या झोपाळ्यावर दोघी. कादंबरीतल्या सुमनचा बाप अण्णा, नावाडी. माणूस आहे की कातळ. पोरीशी एक शब्द धड बोलत नाही.

बुध., ५
आज डोकंच फिरलं. सुमन पाण्याला घाबरते, म्हणून अण्णा तिला पलीकडच्या काठावर सोडून नाव घेऊन परत. "पोहत ये, नाहीतर पुलावरून चालत ये." पोर रडत रडत पुलावरून, दिवेलागणीला घरी. पुस्तक मिटलं. म्हटलं, असल्या बापाचं पुढं वाचायचं नाही मला.
आजी शांतपणे, "तो जेवला होता का, मा?"
मला काय माहीत.

गुरु., ६
मागं उलटून पाहिलं. एकच वाक्य. चुलीपाशी दोन ताटं, दोन्ही पालथी. रागाच्या भरात नुसती वाचून गेले होते. आजींना सांगितलं तर हसल्या.
तरी राग आहेच. उपाशी राहिला म्हणून काय झालं? पोरीच्या पायाला फोड आले त्याचं काय? पण आता त्याच्या वाक्यांपाशी थांबते.

सोम., १०
आई रामेश्वरच्या यात्रेहून परतताना शनिवारी सकाळी इथल्या एग्मोर स्टेशनला उतरणार, मग आमच्याकडे. नवऱ्याची, अविची, ओरगडमच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट, सुट्टी नाही. आजींना म्हटलं, याल का बरोबर? मला तमिळ कुठं येतं.
"नाही येत. तू जा."
एवढंच. थेट अण्णा. रुसून खाली आले.

शनि., १५
गेले. आणलं आईला. आमच्या मांबलमहून एकटी लोकलमध्ये बसले. एग्मोरला चहावाला, हमाल, मग एक पोलिसबाई... माझं तमिळ ऐकून ती खुदकन हसली, पण हाताला धरून फलाटावर सोडलं. मला हमालाशी बोलताना बघून आई बघतच राहिली.
"कधी शिकलीस गं?"
"आत्ता."
हसून हसून पुरेवाट.
परतताना मनात आलं, पुलावर सुमनलाही असं काही वाटलं असेल? कादंबरीत नाही. फोड तेवढे आहेत.
आजी दारात. शाबासकी वगैरे नाही. 'गाडी जाईल का' हे तमिळमध्ये कसं विचारलं ते सांगितलं, तर म्हणाल्या, "'पोगमा' नव्हे, 'पोगुमा'." आणि आईपुढे गरम इडल्या.

रवि., १६
आईनं सकाळीच पुस्तक धरलं, दुपारपर्यंत आम्ही वाचलंय तिथवर येऊन पोचली. वर जाताच आजींना, "हा कसला हो बाप? आमच्या ह्यांनी असं केलं असतं तर नाव फोडली असती मी."
"फोडा की. पण पुढं पोर पोहायला शिकली ना?"
"मायेनं शिकली नसती?"
एकीची कोल्हापुरी, दुसरीची तंजावरी. निम्मं कळत नाही, म्हणून आवाज चढवून. मी कॉफी करत हसतेय.
शेवटचं प्रकरण राहिलंय. अण्णा थकलेत, सुमन त्यांना आपल्या घरी न्यायला आलीय. आई म्हणते, तिनं नेऊच नये. आजी म्हणतात, ती नेईल, तो जायचा नाही. मग दोघी एकदम माझ्याकडे, "तुला काय वाटतं?"
मला वाटतं, अण्णांनी जावं. पण सुमनला काय वाटतं ते आधी वाचायला हवं. पुस्तक मांडीवर आहे आणि ह्या दोघी उघडू देतील तर ना.