कक्ष सदतीसचा रिकामा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या वनाधिकारी मॅडमनी आल्या आल्या सगळ्यांना बोलावलं. देशभरातल्या जंगलांची वर्गवारी चालू झाली आहे. कुठलं जंगल मुख्यतः कशासाठी राखलंय ते लिहून पाठवायचं – लाकडासाठी, माती-पाणी धरून ठेवायला, जनावरांसाठी, की माणसांच्या फिरण्यासाठी. एका कक्षाला, म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याला, एकच उद्देश.

"आणि चारही खरे असले तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"मुख्य कोणता ते लिहायचं."

हेडक्लार्क मागून पुटपुटले, "लग्नाला वीस वर्षं झाली, माझा मुख्य उपयोग काय ते बायकोला अजून सांगता येत नाही." मॅडमसुद्धा हसल्या.

वनरक्षकांच्या जुन्या नोंदवह्यांतून उद्देशाचा रकाना नव्या तक्त्यात उतरवायचा, हे काम माझ्याकडे. दप्तराची खोली माझीच ना. हे वनरक्षक होते; हे गेल्यावर ह्यांच्या जागी मला ऑफिसात घेतलं, त्याला मे महिन्यात चार वर्षं होतील.

५ फेब्रुवारी

आज ह्यांची वही हातात आली. कक्ष ३१ ते ४०. एकोणीस वर्षं ह्याच दहा कक्षांत पाय झिजवले.

मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते ह्यांच्या वह्यांवरून. हे वही घरी आणायचे आणि अंघोळीला गेले की मी जुन्या कॅलेंडरच्या मागे गिरवत बसायची – झाडांची नावं, घेर, वाटा. पुढे हातात पडेल ते पुस्तक वाचलं, पण अक्षर ह्यांचंच राहिलं. हेडक्लार्क मघाशी तक्ता बघून म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही लिहिलंत की दादा येऊन लिहून गेले?" मी हसले. नंतर खोलीत जाऊन थोडा वेळ बसले.

६ फेब्रुवारी

कक्ष ३७. सगळं भरलेलं. झाडं किती, झरा कुठे फुटतो, अस्वलाची कपार, खालच्या वस्तीच्या बायका सरपणाला कुठल्या वाटेने येतात तेसुद्धा. आणि उद्देशाचा रकाना – रिकामा. इतर नऊ कक्षांना आहे, ह्यालाच नाही.

जन्मभर हेच. फळी ठोकायला घेतली की दोन खिळे मारून बाहेर. खिडकीला रंग अर्धाच. मी म्हणायची, "तुम्हाला देवाने घडवलं तेही घाईत, शेवटचा हात फिरवायचा राहिला." हे नुसते बघायचे.

कोरा रकाना मॅडमना दाखवायला हवा होता. पण मग सगळ्यांपुढे निघालं असतं, मेलेल्या माणसाने काम टाकलं होतं म्हणून. ३६ ला 'लाकूड' आहे. ३८ लाही 'लाकूड'. मग मधल्याला वेगळं काय असणार? माझं पेन घेतलं आणि वहीत लिहिलं – लाकूड. मग तक्त्यात उतरवलं.

ओळखू येत नाही. मलासुद्धा.

७ फेब्रुवारी

तक्ता गेला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांची वही सगळ्यांत नेटकी." घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

२१ मार्च

वरून यादी परत आली. लाकडाच्या कक्षांतून ह्या वर्षी तोडीला तीन काढलेत. ३३, ३६, ३७. ज्या झाडांना शिक्के मारायचे त्यांची मोजणी सुरू झाली. तोड ७ एप्रिलपासून.

मी यादी तीनदा वाचली. ३७ चा झरा खालच्या वस्तीला जातो. तिथे माझी नणंद राहते. त्या वस्तीला दुसरं पाणी नाही.

२३ मार्च, रविवार

नणंद आली. चप्पल काढली, पण बसली नाही.

"वहिनी, दादाने लिहून ठेवलं होतं म्हणे, ते जंगल तोडायचं म्हणून."

"कोण म्हणालं?"

"शिक्के मारणारे. आम्ही अडवलं तर म्हणाले, तुमच्याच माणसाच्या हातचं आहे. वस्तीत लोक काय काय बोलतायत, तुला सांगवत नाही. माझ्या घरी जेवायचा, झऱ्यावर हात धुवायचा, आणि हे लिहिलं?"

चहा ठेवते म्हटलं, तर म्हणाली, "नको, आता पाणी जपून वापरायची सवय करायला हवी." हा टोमणा मला नव्हता, भावाला होता. तेवढ्यात सांगता आलं असतं – अगं, ते मी. सांगितलं नाही, कपबशा परत फळीवर ठेवल्या. ती गेली. ह्यांची लाज झाकायला गेले आणि ह्यांच्याच नावाला काळं फासून बसले.

२४ मार्च

भाजी करपली. तीच खाल्ली.

२६ मार्च

हेडक्लार्कना सांगितलं. ते इथे बदलून आले हे गेल्यानंतर, त्यामुळे जुनं त्यांना काही ठाऊक नाही. माणूस वाईट नाही. आधी दार लोटून घेतलं.

"वहिनी, हे मी ऐकलं नाही."

"पण मी सांगितलं."

"सरकारी वहीत खाडाखोड म्हणजे घरी बसायचं. दादांना आता कोण काय करणार? तुम्हाला मात्र करतील. शाई वाळली, विषय वाळला."

मी मान डोलावली. हो, डोलावली. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की मी नाही म्हटलं होतं.

३१ मार्च

पाच दिवस काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं केलं नाही.

शिक्के मारून झाले. चारशे बारा झाडं.

२ एप्रिल

आज मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. बसा म्हणाल्या, बसले नाही. बसले असते तर रडले असते.

त्यांनी वही मागवली. रकाना उजेडात धरून बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खालच्या वस्तीत तुमचं कोण आहे?"

"नणंद."

"तिच्यासाठी हा आळ अंगावर घेताय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी चोरी कबूल करतेय आणि मॅडमना वाटतंय मी खोटं बोलतेय! कोरा कागद मागितला, त्यांच्यासमोर 'लाकूड' लिहिलं. दोन्ही शब्द शेजारी ठेवले. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं.

"ह्यावरून तुम्ही लिहू शकता एवढंच ठरतं. लिहिलंत हे नाही. रकाना कोरा होता ह्याचा एखादा कागद आणा, तोड थांबवते. मात्र कागद सापडला तर तुमच्यावर कारवाई मलाच करावी लागेल. समजतंय ना?"

"समजतंय."

"सोमवारच्या आत."

म्हणजे माझी नोकरी घालवणारा कागद मलाच शोधायचा आहे. बरं. ह्या खोलीत कुठलं बाड कुठे आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

३ एप्रिल

पत्रव्यवहाराची अठरा बाडं पाहिली. वाळवी, धूळ, रजेचे अर्ज. ह्यांचा एक सापडला – 'पत्नी आजारी असल्याने'. मला तेव्हा नुसता ताप होता.

खालच्या वस्तीहून निरोप आला. सोमवारी बायका झाडांपुढे बसणार आहेत. नणंद सगळ्यांत पुढे.

४ एप्रिल, शुक्रवार

सापडला. बाविसावं बाड. ह्यांच्या हातचा खुलासा, दहा वर्षांपूर्वीचा, १२ ऑगस्टचा:

'कक्ष ३७ चा उद्देश का लिहिला नाही, अशी विचारणा तिसऱ्यांदा झाली. तेथे लाकूड आहे, पाणी आहे, जनावर आहे, वस्तीचे सरपण आहे. एक लिहिले की उरलेल्या तिघांसाठी उद्या कोणी उभे राहणार नाही. म्हणून रकाना कोरा ठेवला आहे. बढती रोखण्यात येईल असे कळवले आहे. ते मान्य आहे.'

मॅडमनी दोनदा वाचला. ३७ ची तोड थांबवल्याचा आदेश माझ्यासमोर काढला. माझ्यावरच्या कारवाईचा आदेश सोमवारी निघेल.

बढती रोखली तो दिवस मला आठवतो. हे संध्याकाळी आले, टोपी खुंटीला लावली, म्हणाले, "बढती नाही झाली." मी कणीक मळत होते. मानही वर केली नाही. म्हटलं, "अर्धवट कामं करणाऱ्याला कोण देणार बढती?"

हे म्हणाले, "तेही खरंच."