कळावे, लोभ असावा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. रोज फक्त तीन ओळी. छापखान्यात छत्तीस वर्षं प्रूफं तपासली, लोकांच्या चुका काढल्या. आता निवृत्तीत स्वतःचं काहीतरी शुद्ध लिहावं म्हणतो.
वरच्या मजल्यावरचा कॅशियर आला होता. बँकेतून सुटला, पण रुबाब सुटलेला नाही. ज्येष्ठ मंडळाचा सेक्रेटरी आहे. सांगत होता की कर खात्याच्या नावाने खोट्या मेल येताहेत, मंडळातले दोघं चांगलेच पोळले. २६ तारखेला हॉलमध्ये भाषण ठेवायचंय, पण बोलणार कोण? मी म्हटलं, मी. त्याने विचारलं, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? म्हटलं, कॉम्प्युटरमधलं नाही, चुकांमधलं कळतं. त्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं.
(आठ-नऊ ओळी झाल्या. पहिला दिवस आहे, चालायचंच.)

४ फेब्रुवारी, मंगळवार.
सिद्धान्त तयार. चोर घाईत असतो. घाईत ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. म्हणून नियम एकच: चूक दिसली की चोर समजावा.
हिला ऐकवला. ही म्हणाली, मग मी दरोडेखोरच म्हणायची.
तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आजची सामानाची यादी: साकर, साबन, दुद, फिणेल. चार वस्तू, चार चुका. मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून लाल पेनने सगळ्या दुरुस्त केल्या आणि साबण विसरून घरी आलो.
संकल्प: हिच्या याद्या यापुढे तपासायच्या नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
लेकीचा फोन. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण, आणि राहते कुठे तर दोन दिवसांच्या प्रवासावर. हिचा एकच धोशा: बाळ आधी माझ्या हातात द्यायचं, मग दुसऱ्या कुणाच्या. मी शब्द दिलाय, दोघं जाऊ.
अडचण किरकोळ आहे. खात्यात दीड तिकिटाचे पैसे आहेत. पण निवृत्तीच्या वेळी माझा कर जास्त कापला गेला, तो परत मागितलाय. परतावा आला की दोन तिकिटं काढायची. कर खातं काय पळून जातंय?
हिची यादी तपासली. एकदाच.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.
सापडला! सापडला चोर!
मेल आली, वर कर खात्याचं नाव. जशीच्या तशी उतरवतो:
"आपणांस कळविन्यात येते कि आपला परतावा मंजुर झाला असुन खाते क्रमांकाची पडताळनी बाकी आहे. तरी दि. २० पर्यंत मूळ कागदपत्रांसह कार्यालयात हजर रहावे. अन्यथा प्रकरण बंद करन्यात येईल."
एवढ्याशा मजकुरात सात चुका. लाजसुद्धा वाटत नाही या लोकांना! छापून घेतलं, प्रूफाच्या खुणांसह लाल पेनने दुरुस्त केलं, खाली "सात चुका, पुन्हा लिहून आणा" असा शेरा मारला आणि फोटो काढून त्याच पत्त्यावर परत पाठवला.
ही चष्मा लावून वाचत बसली. पाणीपट्टीच्या खिडकीवर अठ्ठावीस वर्षं काढलीत तिने. म्हणाली, मला तर खरी वाटते. इतकं उर्मट लिहायला सरकारी नोकरीच लागते. शिवाय हे कुठे काही मागताहेत? हापिसातच तर बोलावताहेत.
मी चुकांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, त्या टेबलावरच्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घ विचारून चिकटवलेलं नसतं.
बायकोला शास्त्र सांगून उपयोग नसतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
भाषण लिहून झालं. बावीस पानं. हिच्यासमोर तालीम केली. तिसऱ्या पानावर हिची मान कलली. दिवसभर दमते बिचारी. भाषणात दोष नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
त्याच चोराची दुसरी मेल. वर लिहिलंय "स्मरनपत्र". स्मरणसुद्धा धड लिहिता येत नाही आणि निघालेत लोकांना लुबाडायला! तेच केलं: लाल पेन, शेरा, परत.
ही म्हणाली, अहो, नुसतं जाऊन विचारून या ना, दोन बसेस तर बदलायच्या आहेत. मी म्हटलं, चोराच्या बोलावण्यावरून आपण कशाला जायचं? तिने भांडी जोरात लावली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.
आज मन भरून आलंय. कर खात्याची खरी मेल आली. काय भाषा! काय अनुस्वार!
"सप्रेम नमस्कार. आपण आयुष्यभर प्रामाणिकपणे भरलेल्या कराबद्दल हा विभाग आपला ऋणी आहे. आपला परतावा आजच जमा करण्यासाठी कृपया खालील दुव्यावर कार्डाचा तपशील नोंदवावा. तसदीबद्दल क्षमस्व. कळावे, लोभ असावा."
तीनदा वाचली. एक चूक नाही. 'ऋणी' बरोबर. 'क्षमस्व' बरोबर. लिंक न म्हणता 'दुवा' म्हटलंय! छत्तीस वर्षांत छापखान्याच्या मालकाने मला एकदाही बरं म्हटलं नाही, आणि इथे अख्खा विभाग ऋणी आहे. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.
ही दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. म्हटलं, आल्यावर एकदम चकित करू. दुव्यावर जाऊन सगळं नोंदवलं. फोनवर सहा आकडी नंबर आला, तोही भरला. आकड्यांत शुद्धलेखनाची चूक होऊच शकत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
बँकेचे मेसेज येताहेत. "व्यवहार यशस्वी", "व्यवहार यशस्वी", "व्यवहार यशस्वी". सगळं कसं सुरळीत चाललंय. संध्याकाळी कॅशियर जिन्यात भेटला. त्याला म्हटलं, २६ तारखेला पुढच्या रांगेत बसा, शिकायला मिळेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
तिकिटं काढायला गेलो. कार्ड चालेना. खिडकीतल्या माणसाने तीनदा लावून पाहिलं. मग बँकेत गेलो. पासबुकावर शेवटची ओळ अशी होती की पुढे लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. जी बाई तिथे बसते तिने तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं की पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.
घरी सांगावं लागलं. हिने मेल मागितली. वाचली. म्हणाली, 'कृपया' वाचूनच कळायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं नोटिसा काढल्या, एकीतही 'कृपया' घातलं नाही. आणि पैसे परत देताना कुठलं सरकार नमस्कार करतं? मी हळूच म्हटलं, शेवट बघ, 'लोभ असावा' लिहिलंय. ती म्हणाली, आहेच की लोभ, म्हणून तर लिहिलंय.
मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. काय करावं सुचेना, म्हणून फ्रिजवरची यादी बघत बसलो. पेन हातात घेतलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
दोन बसेस बदलून कर खात्यात गेलो. ही सोबत. आत शिरलो तर समोर भिंतीवर माझा कागद, रंगीत छापून लावलेला! लाल खुणा, शेरा, सगळं. टेबलावरचा कारकून उठून उभाच राहिला. विचारलं, ते लाल पेनवाले तुम्हीच का? म्हणे, साहेबांनी लावायला सांगितलंय, आता अख्खं ऑफिस 'पडताळणी' बरोबर लिहितं.
माझा ऊर भरून आला. मग त्याने सांगितलं की मुदत वीस तारखेला संपली, प्रकरण बंद. नवा अर्ज करा, सहा महिने लागतील.
हिने त्याला विचारलं, तो कागद आम्हाला मिळेल का? तो म्हणाला, नाही, तो आता रेकॉर्डला लागला.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सायंकाळी ७.
भाषण झालं. बावीस पानं न वाचता स्वतःचा अनुभव सांगितला. शास्त्रासाठी मुद्दाम प्रयोग करून पाहिला, असं म्हणालो. कॅशियर खोकला. नंतर त्याने हिला बोलायला बोलावलं. ही चारच मिनिटं बोलली: गोड बोलून पैसे परत देतो तो चोर, संशय आला तर मेलमधल्या लिंकला हात लावू नका, चपला घाला आणि हापिसात जा, आणि घरात कुणी शहाणा असेल तर कार्ड त्याच्यापासून लपवून ठेवा.
टाळ्या थांबेनात. एकूण कार्यक्रम यशस्वी. टाळ्या तिला पडल्या, पण विषय माझा होता.

१ मार्च, शनिवार.
ही गेली. स्वतःच्या पेन्शनमधून एकच तिकीट निघालं. खिडकीतून हात हलवत होती. मी हसत होतो. गाडी सुटल्यावर हसू थांबवायचं राहून गेलं, शेजारचा माणूस बघायला लागला.
घरी ओट्यावर चिठ्ठी: "दुद तापवा. ग्यास बंध करा. मेल उगडू नका." तशीच ठेवली.
संकल्प: आता कडक राहायचं. अनोळखी फोन उचलायचा नाही.

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
काल रात्रीपासून एक अनोळखी नंबर पिच्छा पुरवतोय. अकरा वेळा वाजला. एकदाही उचलला नाही. शेवटी फसवणुकीच्या विभागाकडे तक्रार पाठवली. सुंदर उतरली आहे. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. कॅशियरला वाचून दाखवली. तो पहिल्यांदाच म्हणाला, आता शिकलात.

दुपारी १.
त्याच नंबरवरून मेसेज:
"मूलगि झालि. दोगी ठिक. माझा फोन घरि राहिला. हा जावयांचा नवा नंबर. अकरा वेळा केला. चोर नाहि मी आहे. उचला कि."
आठ चुका आहेत. म्हणजे हीच. जगात दुसरं कुणी असं लिहीत नाही.
घाईत फोन तीनदा चुकीचा लागला. लागला तेव्हा हिने पहिल्यांदा विचारलं, दूध तापवलं का? मग म्हणाली, बाळ आधी माझ्याच हातात दिलं. डोळे तुमच्यावर गेलेत, आतापासूनच सगळ्यांकडे चुका काढल्यासारखी बघते. थांबा, म्हणाली, फोन तिच्या तोंडाशी धरते, आवाज ऐका.
मी फोन कानाला घट्ट लावला. एक बारीकसं 'ट्यँ' आलं आणि फोन बंद पडला.
पुन्हा लावला. लागेना. पाच वेळा लावला. मग मेसेज आला:
"आपल्या तक्रारिनुसार सदर क्रमांक बंद करन्यात आला आहे."
दोन चुका. खरीच आहे.