रेकॉर्डमागची भुणभुण

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तू पाठवलेला रेकॉर्ड प्लेयर पोचला. तुझ्या भाऊजींनी तो खोक्यातून पाळण्यातल्या बाळासारखा उचलून काढला. पण अरे, हा गातो कमी आणि घुमतो जास्त! सुई टेकायच्या आधीच स्पीकरमधून भुंग्यासारखी घूंऽऽ सुरू. पेटीवर सूर जुळवून बघितला, तर पांढरी पाच, जरा चढी. आणि तिच्यामागे कुठेतरी एक बारीक किणकिण.

महिनाअखेरीला माझ्या गाण्याच्या वर्गाचा कार्यक्रम आहे. मुलींना जुन्या रेकॉर्ड ऐकवून तयारी करून घ्यायची, असं मनात होतं. तुझे भाऊजी म्हणतात, गाण्याच्या बाईंच्या घरी आल्यावर यंत्रानेही रियाज सुरू केला. त्यांना काय, चेष्टा सुचते!

तू नाट्यगृहात दिवसभर माइक आणि स्पीकरशीच झटापट करतोस, तेव्हा उपाय सांग. फोनवर तुझं बोलणं हल्ली तुटक येतं, म्हणून पत्रानेच कळव.

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला सलाम! विजेची घूं त्याच सुरात असते. आमच्या नाट्यगृहातही ती रोज हजेरी लावते. प्लेयरच्या मागे एक सुटी, बारीक वायर लोंबत असेल. ती अर्थिंगची. सगळं बंद करून ती तुमच्याकडच्या अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट आवळ. दोघांचे प्लग एकाच बोर्डात लाव. प्लेयर अँप्लिफायरच्या डोक्यावर बसवला असशील तर खाली उतरव, त्यांचं जवळून पटत नाही. आवाजाच्या वायरी विजेच्या वायरींच्या गुंत्यातून बाजूला काढ. सगळं एकदम करू नकोस, नाहीतर गुण कशाने आला तेच कळायचं नाही.

ती बारीक किणकिण मात्र माझ्या लक्षात आली नाही. कशी आहे, नीट लिही.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर लोभ ठेव, रागावलीस तरी ठेव.
तुझा ढब्बू

१५ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

वायर आवळली आणि घूं गेली! तुझे भाऊजी टेबलाखाली अर्धे शिरले होते, तिथूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण घूं गेली तशी मागची किणकिण उघडी पडली. किटली उकळायच्या बेतात असताना शीळ घालते ना, तशी. पेटीवरच्या पट्ट्या संपल्या तरी ती त्यांच्याही वर.

मी फ्रिज बंद केला. ट्यूब काढली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना जाऊन त्यांचा मिक्सर थांबवायला सांगितलं, तर त्या बिचाऱ्या झोपेतून उठून दार उघडायला आलेल्या. प्लेयर स्वयंपाकघरात नेला, तर तिथेही तेच. तुझ्या भाऊजींना म्हणे काहीच ऐकू येत नाही. त्यांचं काय सांगावं, त्यांना सनई आणि सायकलची घंटा सारखीच.

काल वर्गात पुढच्या रांगेतल्या मुलीला मी बेसूर म्हणाले. तिने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा तेच बोलले. ती रडवेली झाली आणि बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. या यंत्राने माझं डोकं भणाणून सोडलंय. कार्यक्रम रद्द करावा का रे?

काहीच सुचत नाही. आठवण ठेव आणि लवकर लिही.
ताई

१८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या ताईच्या नकळत लिहितोय. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण प्लग कळतो. सकाळी पुसापुशी करायची म्हणून मी प्लेयर आणि अँप्लिफायर, दोन्हींचे प्लग काढले होते. तुझी ताई समोर येऊन बसली आणि म्हणाली, बघा, आज किणकिण किती वाढली आहे! दोन्ही प्लग माझ्या हातात होते. मी ते पाठीमागे लपवले.

आता एकेक आठवतंय. फोन डाव्या कानाला लावला की बोलणं तुटक येतं म्हणते, म्हणून हल्ली तो उजव्या कानाला लावते. डावीकडून हाक मारली तर ओ देत नाही. मला वाटायचं, रुसली आहे. काय चुकलं ते न कळताच मी माफी मागून मोकळा व्हायचो.

जिने जन्मभर कानांच्या भरवशावर घर आणि वर्ग चालवला, तिला हे कुठल्या तोंडाने सांगू? माझी मती गुंग झाली आहे.

तुझाच आधार आहे. जिव्हाळा कमी होऊ देऊ नकोस.
तुझे भाऊजी

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही. तू त्या सकाळी भाऊजींना किणकिण वाढली म्हणालीस, तेव्हा दोन्ही प्लग भाऊजींच्या हातात होते. त्यांच्यावर चिडू नकोस. ते घाबरले आहेत, आणि मीही.

यंत्रात आता दोष नाही, ताई. कानाच्या डॉक्टरांकडे जा, उद्याच जा. मी चुकलो असेन तर रजा काढून तिकडे येतो, माझा कान धर आणि पीळ.

काहीही निघालं तरी तुझाच,
ढब्बू

६ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी आधी फाडलं, मग जुळवून पुन्हा वाचलं.

डाव्या कानाची नस दुबळी झाली आहे. गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही, उजवा शाबूत आहे. किणकिण कधी कमी, कधी जास्त, पण राहील म्हणतात. कानाकडून आवाज येणं थांबलं की मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो म्हणे. मी खुळ्यासारखं विचारलं, की याला अर्थिंगची वायर जोडता येते का. डॉक्टर हसले, मग माझ्याकडे बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

मुलींना सांगितलं. त्या पुढच्या रांगेतल्या मुलीला जवळ घेतलं. कार्यक्रम झाला. चांगला झाला असं सगळे म्हणतात. मला नक्की सांगता येत नाही, आणि असं मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितेय.

संध्याकाळी रेकॉर्ड लावते, पण त्यातलं कुठलं रेकॉर्डमधलं आणि कुठलं माझ्या डोक्यातलं, याचाच गोंधळ. म्हणून तुझे भाऊजी माझ्या डावीकडे बसतात आणि उजव्या कानाकडे वाकून सांगत राहतात. आता रेकॉर्डमधल्या बाई वर चढल्या, आता कुणीतरी कपाट सरकवलं. कपाट म्हणजे तबला! हसून हसून पुरेवाट. काल मात्र ते हळूच म्हणाले, की आता बाईंनी श्वास घेतला. मी सुई मागे नेली, उजवा कान स्पीकरला लावला. खरंच होता श्वास. ही रेकॉर्ड मी किती वर्षं ऐकतेय, सूर ऐकले, श्वास कधी ऐकला नव्हता.

तू रजा काढून ये. कान पिळणार नाही. लोभ घेऊन ये आणि माझ्या उजव्या बाजूला बस. डावीकडची जागा भरली आहे.

तुझी,
ताई