गुंडप्पा सरांची घंटा आणि खंडेनवमीचं कुंकू

लातूर, दसरा

रा. रा. अमृतराव मामांस, हदगाव मुक्कामी, रामलिंगचा नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि कापूस, तिन्ही ठीक असावेत.

इकडे महादेवाच्या कृपेनं सगळे जिवंत आहेत. गुंडप्पा सरांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या क्लासची घंटा तेवढी वारली होती. तुमच्या भाचीला, तनुजाला, तिथल्या पहिल्या तुकडीत जागा मिळाली ती मार्कांवर नव्हे, मी बनवलेल्या त्या आपोआप वाजणाऱ्या घंटेवर. दसऱ्यानंतर घंटा वाजली नाही तर पोरगी मागच्या तुकडीत, असा सरांचा प्रेमळ निरोप आला. (भूकंपानंतर आम्ही घरं सोडून बाहेर झोपत होतो, आता बाहेरगावची लेकरं आमच्या घरांत झोपतात आणि घंटेवर उठतात. प्रगती म्हणतात ती हीच.)

घंटेच्या पेटीतली चिप आपला प्रोग्राम विसरली होती. तो भरायच्या केबलला जुना संगणक लागतो, जो आता भंगारवाल्याकडेही नाही. तनुजा म्हणाली, "अप्पा, दुकानात लिनक्सचा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड हाय ना, त्याच्या रिकाम्या पिनांनीच भरू की." चार पिना, चार तारा: एक ताल धरते, एक चिपेला सांगते, एक तिचं ऐकते, एक पुढची पायरी दाखवते. बोर्ड त्यांतली वीज लाखो वेळा वर-खाली करतो, जप चालावा तसा. मला ते इतकं भावलं की खंडेनवमीला अवजारांसोबत बोर्डाचीही पूजा केली, पिनांना ओलं कुंकू लावलं, आणि मग कामाला बसलो. दोन तास भरणी, शेवटी तपासणीत उत्तर: जुळत नाही. मी तारा बदलल्या, वेग कमी केला, चिपेला नावं ठेवली, मग विजेला. तनुजानं भिंग धरलं. "अप्पा, देव दोन पिनांच्या मधी बसलाय. जरा सरकवा त्याला."

कुंकवानं शेजारच्या पिना जोडल्या होत्या. ब्रशनं पुसलं, वाळवलं, पुन्हा भरलं. घंटा दुकानात खणखणीत वाजली.

तुमची बहीण सिंधु बरी आहे, नमस्कार सांगते.

आपला,
रामलिंग

ता. क. घंटा वाजली तेव्हा पोरीचा चेहरा उजळला. "आता जागा पक्की" म्हणालो आणि विझला. तिला डॉक्टरकी नको, नांदेडला हेच काम शिकायचंय. तुमच्या बहिणीला फक्त तुमचं पटतं. लवकर या.

ता. क. दुसरा. पेटी अजून दुकानातच आहे. सरांना 'चिप मिळत नाही' असं कळवलं. सणाच्या दिवशी खोटं बोललो. महादेवाला मी सांगितलंय. सिंधुला तुम्ही सांगा.