दुप्पट की तिप्पट

५ जानेवारी, सकाळी
आज पहाटे उठून देवापुढे दिवा लावला, मग गच्चीत जाऊन दुर्बीण पुसली. पुसता पुसता ठरवलं, बाबांना शनीची कडी दाखवायचीच. डॉक्टर म्हणतात, डोळ्याचा पडदा झिजतोय, उन्हाळ्यानंतर बारीक काही दिसायचं नाही. बाबांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे एकच मागितलं. शनी सध्या संध्याकाळी पश्चिमेला असतो, रोज थोडा खाली उतरतो. तरी वेळ भरपूर आहे.

७ जानेवारी
नुसत्या डोळ्यांना शनीचा ठिपका दिसतो, दुर्बिणीत येत नाही. दुर्बीण चांगली आहे, मुलीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. कमी पडते ती ताकद. बार्लो लेन्स हवी. ती आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, पुढे नळीत बसवली की सगळं दुप्पट किंवा तिप्पट मोठं दिसतं. दुप्पट घ्यायची की तिप्पट, एवढाच प्रश्न. उद्या सोडवतो.

१२ जानेवारी
सुटला नाही. जन्म खरेदी विभागात गेला. तीन कोटेशनं आल्याशिवाय आम्ही टाचणीसुद्धा घेत नाही. दोन आली आहेत. तिसरा दुकानदार फोन उचलत नाही.

१३ जानेवारी, दुपारी, ऑफिसात
दुसऱ्या दुकानदाराने विचारलं, सध्या दुर्बिणीतून काय दिसतं? म्हटलं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. तो म्हणाला, आधी कमी ताकदीच्या आयपीसने ग्रह शोधायला शिका, लेन्सचं मग बघू. ज्याला विकायचंच नाही त्याच्याकडून काय घ्यायचं? त्याचं कोटेशन बाद केलं. आता एकच उरलं.

२१ जानेवारी
ढग. देव माणसाला विचार करायला सवड देतो.
बाबांना म्हटलं, लेन्स ठरत आली आहे. ते म्हणाले, "सावकाश होऊ दे रे. मी कुठे जातोय." आणि चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. मी फरशी पुसली.

२७ जानेवारी
बायको म्हणाली, "शनी माणसांच्या मागे लागतो म्हणतात. तुम्हीच त्याच्या मागे लागलात, म्हणून पळत असेल बिचारा." हसलो नाही. तिला दुप्पट आणि तिप्पट यांतला फरक समजावून सांगितला. ती कपडे वाळत घालत होती. दुर्बीण दोरीच्या आड येते, म्हणून ती रोज उचलून बाजूला ठेवते. हे चाक कशाचं, ते चाक कशाचं, असलं काहीबाही विचारत होती. मुद्द्याकडे लक्ष नाही.

३ फेब्रुवारी
सकाळी: तिप्पट. नक्की.
संध्याकाळी: दुप्पट. तिप्पट घेतली की हादरेही तिप्पट होतात, असं वाचलं. दमलो.

९ फेब्रुवारी
दुप्पट ठरवून ऑफिस सुटल्यावर दुकानात गेलो. तिथे तिप्पट हातात घेतली आणि पुन्हा विचारात पडलो. दुकानदार शटर ओढायला लागला. तसाच घरी आलो.
गच्चीत बाबा स्टुलावर बसलेले, डोळा दुर्बिणीला. शेजारी बायको चाक फिरवत होती. आयपीस साधंच, सगळ्यात कमी ताकदीचं. बाबा म्हणाले, "मोहरीएवढा आहे. पण कडी आहे रे त्याला."
बायकोला विचारलं, सापडला कसा. ती म्हणाली, नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण भलतीकडेच बघत होती, ती सरळ केली.
मी म्हटलं, लेन्स असती तर आणखी मोठा दिसला असता. बाबा डोळा न काढता म्हणाले, "आणखी मोठा कशाला?"

१० फेब्रुवारी
बाबा आज संध्याकाळी आपणहून जिना चढले. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. बायको म्हणाली, दोन-चार दिवसांत तो टाकीमागे जाईल, बघायचं तर आत्ताच बघून घ्या. लेन्सची गरज कितपत आहे याचा अंदाज यावा, एवढ्याचसाठी तिला म्हटलं, मलाही दाखव. तिने मला स्टुलावर बसवलं आणि दाखवला.
हात आपोआप जोडले गेले. त्या धक्क्याने दुर्बीण हलली, शनी गेला. तिने पुन्हा आणून दिला.
खाली आल्यावर लेन्स न घेण्याचा निर्णय घेतला आणि लगेच अमलातही आणला.