बाबांची मोरेलची जागा

१९ एप्रिल
आजपासून रोजनिशी. या वर्षी मोरेलचा, म्हणजे रानातल्या त्या अळंबीचा, सीझन मी शास्त्रशुद्ध पद्धतीने करणार आहे आणि शास्त्राला नोंदी लागतात.

नर्सिंग होममध्ये जाऊन आलो. बाबांचे पाय सुजलेत. बोलता बोलता थांबतात, श्वास घेतात, पुढचं वाक्य विसरतात. डॉक्टर लोरेटाला म्हणाले, उन्हाळा बघतील असं वाटत नाही. लोरेटा माझी धाकटी बहीण. सगळं तिलाच सांगतात. मोठा मुलगा मी आहे हे त्यांच्या कागदांवर नसावं.

बाबांना विचारलं, काय खावंसं वाटतंय? म्हणाले, मोरेल. अंड्यात बुडवून, क्रॅकरच्या चुऱ्यात घोळवून, लोण्यात तळलेली. एक प्लेट. मी म्हटलं, मी आणतो. बाबा लोरेटाकडे बघून म्हणाले, तू आण गं.

त्यांना ऐकू कमी येतं हल्ली.

२२ एप्रिल
बाबांसारखा, म्हणजे काझ स्कीबासारखा, मोरेल शोधणारा या काउंटीत झाला नाही, हे इथलं कुणीही सांगेल. मे महिना लागला की कांद्याची रिकामी जाळीदार पिशवी घेऊन निघायचे आणि ती भरून परत यायचे. जागा कुणाला दाखवली नाही. लहानपणी मला एकदा नेलं होतं. मी नदीच्या वळणाशी गाडीतच बसलो होतो. माशा फार चावत होत्या.

आज सरळ विचारलं, बाबा, आता कशाला लपवता, जागा सांगून टाका. म्हणाले, जागाबिगा काही नसते रे. चालायचं. किती चालायचं? म्हणाले, सापडेपर्यंत चालायचं, आणखी किती, गाढवा.

म्हणजे जागा आहे. नसती तर माणूस इतका चिडला नसता.

२६ एप्रिल
तयारी पूर्ण. नवे बूट, काठी, शिट्टी, मातीचं तापमान मोजायचा थर्मामीटर. काउंटीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय, त्यामुळे जेवण सिंकपाशी उभ्याने. मेलेल्या एल्म झाडांपाशी मोरेल येतात, हे सगळ्यांनाच माहीत. पण बाबा गुडघेदुखीचे. चढ टाळणार. रस्त्यापासून लांब जाणार नाहीत. अशी वजाबाकी करत गेलो तर त्यांची जागा नकाशावर माझ्या तळहाताखाली झाकली जाईल एवढी उरते.

हायस्कूलच्या पोरांना आयुष्यभर गाडी चालवायला शिकवलं मी. निरीक्षण हाच माझा धंदा होता.

संकल्प: रोज सकाळी दोन तास चालणे.

१ मे
गेलो. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मोरेल येतात म्हणतात; अजून तेवढीही नाहीत. म्हणजे लवकर झालं. रिमझिम सुरू झाली म्हणून परतलो. थर्मामीटर वापरला. माती थंड आहे.

झाडांतून बर्नी गॅटका आला. बाबांचा जुना प्रतिस्पर्धी, दोघं एकमेकांना जंगलात चुकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये शेजारी बसायचे. त्याच्या जॅकेटचा खिसा फुगलेला होता. विचारलं तर म्हणाला, हातमोजे आहेत. मग म्हणाला, काय नॉर्ब, गाडी दिसतेय ना अजून? आणि हसत गेला.

गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवणं हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे. बर्नीला लायसन्सच्या परीक्षेत मी पास केलं नसतं.

४ मे
काही नाही. हरणांनी खाल्ली असणार. शिवाय दक्षिणेकडून कॅम्पर घेऊन येणारी मंडळी सगळं तुडवून ठेवतात.

संध्याकाळी लोरेटाचा फोन. तिच्या गॅरेजमागे बाबांनी लावलेलं ते वाळलेलं सफरचंदाचं झाड आहे ना, कपडे वाळत घालताना तिला त्याखाली मोरेल दिसली. ओंजळभर. म्हणे, उद्याच तळून नेते बाबांना.

मी म्हटलं, थांब. बाबांना जंगलातली हवी आहेत, परसातली नव्हेत. पहिला घास घेतल्या घेतल्या ओळखतील. ती म्हणाली, अरे अळंबी ती अळंबी, आणि टिकत नाहीत रे ती. मी म्हटलं, माझं काम होतच आलंय. मला एवढं तरी करू दे. ती म्हणाली, ठीक आहे, रविवारपर्यंत थांबते.

फ्रिजमध्ये कागदी पिशवीत ठेव, असंही सुचवलं. अशा गोष्टी तिला माहीत नसतात.

७ मे
चालणे: नाही. नव्या बुटांनी टाचा सोलल्यात. दुकानदाराला सुनावणार आहे.

बाबांना भेटलो. नाकात नळी. जेवणाचा ट्रे तसाच. मला बघून विचारलं, मिळाली? मी म्हटलं, काम छान चाललंय. विचारलं, कुठे? मी म्हटलं, ते सरप्राइज आहे. त्यांनी डोळे मिटले. हात मात्र चादरीवर हळूहळू फिरत होता, पालापाचोळा बाजूला सारावा तसा. मी त्यांचा हात धरून थांबवला. उगीच दमतात.

१० मे
सापडली!!

पाइनच्या झाडांखाली, रेताड जागी, गाडीपासून हाकेच्या अंतरावर. वजाबाकी बरोबर होती. एकेक मुठीएवढी. तांबूस तपकिरी, जड. बर्नीच्या खिशात मावणार नाहीत अशी. मोरेलची टोपी मधाच्या पोळ्यासारखी असते म्हणतात. ही थोडी मेंदूसारखी होती, वळ्यावळ्यांची. पण जुनं पोळं तसंच दिसतं.

घरी आणून उभी चिरली. बाबा म्हणायचे, खरी मोरेल शेंड्यापासून देठापर्यंत पोकळ असते. ही पोकळ नव्हती. आत कापसासारखं काहीतरी भरलेलं. या वर्षी पाऊस चांगला झाला. भरणारच.

लोरेटाला फोटो पाठवला. लगेच फोन. किंचाळतच होती. नॉर्ब, ती मोरेल नाहीत, खोटी मोरेल आहेत, बीफस्टेक म्हणतात ती, विषारी! टाकून दे, हात धू. स्टासिया मावशीचा नवरा कशाने गेला विसरलास? मी शांतपणे म्हटलं, तो दारूने गेला. आणि बीफस्टेक जन्मभर खाणारी माणसं याच गावात आहेत. म्हणाली, मी येतेय. मी म्हटलं, मी निघालोच आहे, येऊ नकोस. परसातल्या ओंजळीचा कमीपणा तिला इतका लागेल असं वाटलं नव्हतं.

कृती: मिठाच्या पाण्यात बुडवून किडे काढले. पुसून कोरडी केली. अंडं, क्रॅकरचा चुरा. बाबांचाच बिडाचा तवा, भरपूर लोणी. वास असा सुटला की आई असतानाचं स्वयंपाकघर. डोळ्यांत पाणी आलं. कांदा नव्हता घरात, तरी.

चव बघणं हे करणाऱ्याचं कर्तव्य असतं. एक प्लेट बघितली. मीठ बरोबर आहे की नाही हे नक्की ठरेना, म्हणून अजून एक.

त्यात उशीर झाला. नर्सिंग होमला पोचलो तर जेवणाची वेळ संपलेली. ओपल नावाची नर्स दारातच आडवी आली. म्हणे, बाहेरचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि ते आत्ताच झोपलेत. मी म्हटलं, बाई, एका मरणाऱ्या माणसाची इच्छा आहे ही. म्हणाली, माहितेय मला, रोज सांगतात. सकाळी या, मी स्वतः डॉक्टरांना विचारून ठेवते.

डबा परत आणला. फ्रिजमध्ये आहे. त्या नर्सची लेखी तक्रार करणार.

११ मे, सकाळ
पोटात कळ. लोणी जुनं असावं. दोनदा उलटी.

दुपारपर्यंत बरं वाटेल. मग डबा घेऊन जाणार.

११ मे, नंतर
चार ओळी लिहायलाही बसवत नाही. लोरेटा आली. न्हाणीघराच्या दारात मला तिने बघितलं. सरळ फ्रिज उघडला, डबा उचलला, झाकणासकट कचऱ्याच्या पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली. मी म्हटलं, डबा चांगला होता. ती म्हणाली, बाबांनी खाल्लं? मी म्हटलं, त्या नर्सने खाऊ दिलं नाही. लोरेटा तिथेच जमिनीवर बसली. मग उठून मला गाडीत घातलं.

ती ब्रेक फार उशिरा मारते. पूर्वीपासून.

१४ मे, हॉस्पिटल
लिव्हरवर परिणाम. आरशात डोळे पिवळे दिसतात. अक्षर असं वाकडं आलंय ते हातातल्या सुईमुळे.

डॉक्टर तरुण आहे. विचारत होता, आणखी कुणी खाल्लं का? मी म्हटलं, नाही, वडिलांना द्यायचं होतं, पण नर्सिंग होमवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं. त्याने पेन खाली ठेवलं. विचारलं, वडिलांचं वय? सांगितलं. तो नुसता मान हलवत राहिला. मग म्हणाला, त्या नर्सचे आभार माना.

तक्रारीचा मसुदा तूर्त बाजूला ठेवतोय.

संकल्प: सुटल्या सुटल्या थेट बाबांकडे. अजून सीझन आहे. लोरेटा फोन उचलत नाही. तिच्या दुकानात गर्दी असेल.

१७ मे
लोरेटा आली. कोट काढला नाही. खुर्चीच्या टोकाला बसली. म्हणाली, बाबा परवा गेले.

मी विचारलं, मला का नाही कळवलं? म्हणाली, तुझ्या डॉक्टरांनी नको सांगितलं. आणि माझ्यातही ताकद नव्हती, नॉर्ब.

मग सांगितलं. शेवटच्या दिवशी तिने तिची मोरेल तळून नेली. फ्रिजमध्ये राहून सुकली होती, कडा काळ्या पडलेल्या. ओपलने डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आता काहीही द्या. बाबांना वासाने जाग आली. एक तोंडात घेतली. चावता येईना. नुसतं लोणी चोखलं. मग बोटांनी बाहेर काढून तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, चांगली आहे. लोरेटा म्हणाली, तुमच्याच सफरचंदाखालची. बाबांनी मान हलवली.

मग विचारलं, नॉर्ब कुठे आहे? तिला खरं सांगवेना. म्हणाली, जंगलात गेलाय, मोरेल शोधायला.

बाबा म्हणाले, अजून?

ती म्हणाली, हो, अजून.

मग सापडेल त्याला, म्हणाले. आणि झोपले.

मी विचारलं, आणखी काय म्हणाले? म्हणाली, आणखी काही नाही. मी म्हटलं, सुकली नसती तर चावता आली असती का? लोरेटाने कोटाचं वरचं बटण लावलं. म्हणाली, चार तारखेला ते टोस्ट खात होते, नॉर्ब. आणि गेली.

थकलीय ती. अशा वेळी माणसं काहीही बोलतात.

चार तारखेला टोस्ट खात होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

२१ मे
दफन. डॉक्टरांनी अर्ध्या दिवसाची परवानगी दिली. भाषण लिहून नेलं होतं: बाप आपल्या मुलाला वारसा कसा देतो, या विषयावर. उभा राहिलो, कागद उलगडला, अक्षरं पोहायला लागली. आमेन म्हणून बसलो. लोकांना वाटलं दुःखाने.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये सॉसेज, कोबी, बटाट्याचं सॅलड. मी नुसता पाव खाल्ला. जो तो येऊन हात हातात घ्यायचा आणि हळूच विचारायचा, काझने शेवटी जागा सांगितली का रे? मी मान हलवली. हो म्हणालो असं नाही. नाही म्हणालो असंही नाही. समोर लोरेटा बसली होती. आपली प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली.

२७ मे
घरी येऊन तीन दिवस झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय. मला!

सकाळी चालवली. बाबा जिथे गाडी लावायचे तिथे, नदीच्या वळणाशी लावली. नेचे गुडघाभर वाढलेत, खालचं काही दिसत नाही. सीझन संपला.

उतरायचं होतं. दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि धाप लागली. पाय परत आत घेतला.

मागे एक पिकअप येऊन थांबली. बर्नी गॅटका. माझ्या मागोमाग आला होता, घरापासूनच असणार. येऊन काचेवर टकटक केली, मी काच थोडी खाली घेतली. म्हणाला, नॉर्ब, म्हातारा तर गेला. मीही काही फार दिवसांचा नाही. आता तरी सांग, इथून कुठल्या बाजूला जायचा?

मी म्हटलं, बर्नी, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. मी आजवर एकही मोरेल शोधलेली नाही.

हे तोंडातून कसं निघालं कळलं नाही. बर्नी टक लावून बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. खिडकीतून हात घालून माझ्या खांद्यावर थाप मारली.

म्हणाला, शेवटी काझचाच पोरगा. मरेल, पण सांगणार नाही.

आणि काठी टेकत झाडांत शिरला. त्याची लाल टोपी थोडा वेळ दिसत होती. हाक मारावी म्हणून काच आणखी खाली केली. मग दिसेनाशी झाला.

घरी आलो. लोरेटाला फोन लावला. उचलला नाही.